लाल मूठ

आमच्याकडे, विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्यांत, एक रीत आहे. राखीव छत्री उघडून ज्याचा जीव वाचतो त्याने ती छत्री घडी घालून बंद करणाऱ्याला एक बाटली आणून द्यायची. आमच्या मैदानावर राखीव छत्र्या मीच बंद करते. सरकारी परवाना माझा, शिक्का माझा, आणि उघडली नाही तर मानही माझीच. त्यामुळे बाटल्या माझ्याकडे येतात. मी दारू सोडली त्याला जमाना झाला आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण रीत ती रीत. हँगरच्या मागच्या खोलीत शिलाई मशीनच्या वर एक फळी आहे, तिच्यावर त्या ओळीने उभ्या असतात. ब्रँडी, ब्रँडी आणि पुन्हा ब्रँडी. विस्कॉन्सिनमध्ये माणसं दुसरं काही पितच नाहीत की काय, असं वाटावं. त्यांच्या मधोमध दोन बाटल्या अशा आहेत ज्यांत दारू नाही, मेपलचा पाक आहे. त्यातली पहिली व्हर्नन टॉलेफसनची.

व्हर्नन आला तो एप्रिलमध्ये, शेतांच्या कडेला मळका बर्फ अजून शिल्लक होता तेव्हा. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. घरोघरी जाऊन पाणी तापवायच्या टाक्या दुरुस्त करायचा. मी त्याला ओळखत नव्हते, पण ते नाक ओळखलं. ते मी रोज बघत होते, टेसाच्या चेहऱ्यावर.

टेसा आमच्याकडे पाच-सहा वर्षं होती. उन्हाळाभर हँगरमागच्या ट्रेलरमध्ये राहायची, दिवसभर लोकांच्या छत्र्यांच्या घड्या घालायची आणि त्याचे जे मिळतील ते स्वतःच्या उड्यांत उडवायची. ती दुसरीत असताना बाप घर सोडून गेला होता, दुसऱ्या बाईकडे, दोन गावं पलीकडे. पुढे ती बाईही टिकली नाही. पण तोवर टेसा मोठी झाली होती आणि आपल्याला बापाची गरज नाही असं चारचौघांत सांगायला शिकली होती. त्याला ती नावाने हाक मारायची. नुसतं 'व्हर्नन'. शेजारच्या माणसाला मारावी तशी.

"लोर्ना, हा व्हर्नन," तिने मला सांगितलं. "याला या वयात उड्या मारायच्यात. मी म्हटलं, मर."

"तसं नाही म्हणाली ती," व्हर्नन म्हणाला.

"तसंच म्हणाले," टेसा म्हणाली आणि निघून गेली.

मग तो माझ्याकडे बघून कसनुसा हसला. त्याला टेबलावरची कात्री उगाच सरळ करून ठेवायची सवय होती, हे मला त्या दिवशीच कळलं.

"फोन उचलत नाही माझा," तो म्हणाला. "नाताळला बोलावलं तर येत नाही. शनिवार-रविवार ती इथं असते. म्हटलं, जिथं ती आहे तिथं आपणच जावं."

"ती तेरा हजार फुटांवर असते."

"म्हणून तर शिकावं लागणार ना."

"आणि शिकून काय मिळणार तुला?"

त्याने कात्री पुन्हा सरळ केली. "एकदा बाबा म्हणाली तरी पुरे," तो म्हणाला.

मला असली माणसं आवडत नाहीत. आधी घर मोडायचं आणि मग म्हातारपणी डोळ्यांत पाणी आणून दारात उभं राहायचं. मी ते त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." मग मी त्याच्या मापाचे छत्रीचे पट्टे शोधायला लागले.

त्याला शिकवलं ड्वेनने. ड्वेन राश्के म्हणजे आमचा सगळ्यात मोठा आवाज. हेल्मेटवर कॅमेरा, तोंडात चुइंगम आणि जगातल्या प्रत्येक माणसासाठी एक टोपणनाव. पण शिकवण्यात त्याच्यासारखा कुणी नाही. हँगरच्या तुळईला पट्टे टांगलेले आहेत, त्यांत नवख्याला लटकवायचं आणि पाठ करून घ्यायचं. छातीवर उजवीकडे लाल मूठ. ती ओढली की बिघडलेली छत्री सुटून जाते. डावीकडे रुपेरी मूठ. ती ओढली की राखीव उघडते.

"बघ, पकड, लाल ओढ, रुपेरी ओढ!" ड्वेन खालून ओरडायचा. "छत्री चौकोनी आहे का? सरळ उडते का? ऐकते का? तिन्हीला हो म्हणालास तर ठेव. एकालाही नाही म्हणालास तर फेक. अडीच हजार फुटांपर्यंत काय तो विचार कर. त्याच्या खाली विचार करायला वेळ नसतो, आजोबा!"

व्हर्नन हळू होता, पण पक्का होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सॉसेज आणि तळलेलं चीज हाणत बसायचे तेव्हा हा कोपऱ्यात उभा राहून हवेतच हात छातीशी नेत असायचा. लाल, रुपेरी. लाल, रुपेरी. टेसा घड्या घालता घालता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

पहिली उडी मारून तो उतरला. "आयुष्यात पहिल्यांदा..." असं म्हणाला मात्र, अख्खा हँगर ओरडला, "बिअर!" आमच्याकडे 'पहिल्यांदा' हा शब्द तोंडातून गेला की त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. पहिली उडी, पहिली एकट्याची उडी, पहिल्यांदा शेणात उतरणं, सगळ्याची बिअर. टेसाच त्याला म्हणाली, "अरे, तोंड सांभाळ, नाहीतर भिकेला लागशील." तेवढं वाक्य. पण तो गाडी काढून बिअर आणायला असा गेला, जणू त्यालाच कुणी काही पाजलं होतं.

त्या महिन्यात तो दर शनिवारी काही ना काही 'पहिल्यांदा' करून घ्यायचा. मला वाटतं, मुद्दाम.

मेच्या अखेरीला ते झालं. ड्वेन आणि तो वरून एकत्र पडले, ठरल्या उंचीला वेगळे झाले, व्हर्ननने छत्री उघडली. छत्री उघडली ती नीट उघडली. फक्त दोन्ही टोकांचे कप्पे हवा न भरता मिटून राहिले होते. असं दर चौथ्या उडीला होतं. दोन्ही हातांतल्या ब्रेकच्या दोऱ्या एकदा खाली ओढून सोडल्या की कप्पे फुगतात. व्हर्ननने वर पाहिलं, त्याला छत्री वेडीवाकडी दिसली आणि त्याने पाठ केलेलं केलं. लाल, रुपेरी. राखीव उघडली आणि तो सोयाबीनच्या शेतात सुखरूप उतरला. फेकलेली छत्री वाऱ्यावर गेली ती श्रोडरच्या गोठ्यावर जाऊन पडली. ती काढायला अर्धा दिवस गेला, आणि गाई दूध देईनात म्हणून म्हातारा श्रोडर शिव्या देत आला तो वेगळाच.

ड्वेनच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. संध्याकाळी ते मोठ्या टीव्हीवर लावलं. निळ्या आभाळात एक चांगली, फुगलेली, पिवळी छत्री, आणि तिच्याखालून माणूस गायब. छत्री आपली एकटीच चालली आहे गोठ्याकडे. लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले.

"अरे, चांगली छत्री होती रे!" ड्वेन ओरडला. "कशाला दान केलीस? गाईंना थंडी वाजत होती?"

"दानशूर!" मागून कुणीतरी म्हणालं.

झालं. बारसं झालं. त्या दिवसापासून व्हर्नन टॉलेफसनला व्हर्नन कुणी म्हटलं नाही. त्याच्या खुंटीवर पट्टी लागली, विमानाच्या फळ्यावरही तेच नाव. दानशूर. मी टेसाकडे पाहिलं. ती पोट धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. व्हर्ननही तिच्याकडेच बघत होता. तोही हसत होता, पण कान लाल झाले होते त्याचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीत आला, हातात बाटली.

"तुम्ही पीत नाही म्हणे. घरामागे मेपलची झाडं आहेत, त्यांच्या रसाचा पाक मीच आटवतो. चालेल ना रीतीला?"

"चालेल," मी म्हटलं आणि बाटली उजेडात धरून पाहिली. चांगला आटवला होता. अगदी स्वच्छ, मधासारखा.

"काय बिघडलं होतं हो छत्रीचं?"

मी ती रात्रीच तपासली होती. "काही नाही," मी म्हटलं. "पण ऐक व्हर्नन. ठरल्या उंचीला ज्या छत्रीवर तुझा भरवसा नाही, ती वाईट छत्री. बस. नंतर जमिनीवर मी काय म्हणते आणि ड्वेन काय दात काढतो याला काही अर्थ नाही. तू चांगली छत्री फेकलीस, मी तुझी बाटली घेतली. वाईट छत्री घेऊन खाली आला असतास तर कुणाची बाटली?"

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "पण टेसा हसली. पाहिलंत? मी तिला असं हसताना ती लहान होती तेव्हा पाहिलं होतं."

मी बाहेर जाऊन ड्वेनला झापलं. त्याला म्हटलं, तुझं हे दानशूर-बिनशूर बंद कर. नवख्याच्या डोक्यात एकदा हसू बसलं की ते तिथून निघत नाही.

"अगं लोर्ना, चेष्टा म्हणजे प्रेम," तो म्हणाला. "ज्याला टोपणनाव नाही तो आपला नाही. विचार त्याला, आवडतं त्याला ते."

ते खोटं नव्हतं, हीच तर अडचण. आवडतच होतं त्याला. जुलैत त्याला परवाना मिळाला. आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या कपाळावर शिक्का उठवला आणि तो शिक्का न पुसता तो तसाच सोमवारी लोकांच्या तळघरात टाक्या दुरुस्त करायला गेला. एक जुनी, बरी, आधीच्यापेक्षा जरा लहान छत्री विकत घेतली. घडी घालायला त्याला टेसाने शिकवलं. हँगरच्या सतरंजीवर दोघं गुडघ्यांवर बसलेली असायची, ती खेकसायची, "अरे दानशूर, हवा काढ आधी! गादी आहे का ती?" आणि तो घामाघूम होऊन छत्रीवर पालथा पडायचा. शुक्रवारी सगळे नाक्यावर तळलेले मासे खायला जायचे, तिथे तो तिच्या शेजारी बसायला लागला. व्हर्नन म्हणणं तिने सोडलं होतं. बाबाही म्हणत नव्हती. दानशूर म्हणायची. मधलं काहीतरी.

पण विमानात बसताना प्रत्येक वेळी कुणी ना कुणी म्हणायचंच. "दानशूर, आज घरी घेऊन ये हं!" "दानशूर, गाईंना विचारलं होतं, त्यांच्याकडे पुरेशा झाल्यात!" आणि तो प्रत्येक वेळी अंगठा दाखवायचा. एकदा मी त्याला विचारलं, बोचतं का. "तुम्ही एकट्याच ते विचारता," तो म्हणाला आणि हसला.

सप्टेंबरचा पहिला शनिवार. हवा कोरडी, मका पिवळा पडलेला. टेसाने स्वतःहून फळ्यावर नावं लिहिली होती: टेसा, दानशूर, आणि चित्रीकरणाला ड्वेन. बापलेकीची एकत्र अशी पहिली उडी. अर्थात, बिअर. व्हर्नन सकाळी येतानाच खोकी घेऊन आला होता.

विमानाकडे जायला आमच्याकडे ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली आहे. मी तिथे उभी राहून चढणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवरच्या, छत्री बंद ठेवणाऱ्या पिना तपासते. त्याची तपासली, ठीक होती. तिची तपासली. ट्रॉली हलली तेव्हा टेसाने त्याच्या मुठीवर आपली मूठ आपटली, वरती जाताना आम्ही एकमेकांशी करतो तसं, आणि हसत हसत म्हणाली,

"आज फेकू नकोस हं, बाबा."

मी ऐकलं. ड्वेनने ऐकलं. त्याने तर ऐकलंच. टेसाला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं असावं, कारण ती लगेच तोंड फिरवून शेताकडे बघायला लागली. व्हर्ननचा चेहरा मी विसरणार नाही. माणसाला जे हवं होतं ते मिळाल्यावर तो असा दिसतो.

"नाही फेकणार," तो म्हणाला.

उडी चांगली झाली. ड्वेनने नंतर कुणालाही ते चित्रीकरण दाखवलं नाही, पण मला सांगितलं की दोघांनी हात धरले होते आणि व्हर्नन सगळे दात दाखवून हसत होता. मग तिघं वेगळी झाली. खाली हँगरसमोर आम्ही दहा-बारा जण माना वर करून उभे होतो. तीन छत्र्या उघडल्या. दोन सरळ आल्या. तिसरी वळायला लागली.

उघडताना एका बाजूच्या दोऱ्यांत गाठ बसली होती. अशी गाठ कुणाच्याही घडीत बसू शकते, त्यात घालणाऱ्याचा दोष नसतो. छत्रीचा एक कोपरा मुठीत धरल्यासारखा गोळा झाला होता आणि ती त्या बाजूला गरगरत होती. वीस वर्षं उड्या मारणाराही अशी छत्री ठेवत नाही. पण नेमकं वाईट असं की ती थोडी थोडी उडत होती. उलट्या बाजूचा ब्रेक जोर लावून धरला की क्षणभर सरळ व्हायची. व्हर्ननने तसं धरलं. सरळ झाली. सुटली, वळली. पुन्हा धरली.

"फेक!" माझ्याशेजारचा कुणी ओरडला. मग सगळेच ओरडायला लागले. "फेक! फेक रे!" तिथून काही ऐकू जात नाही हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्या वर, जरा बाजूला, टेसाची छत्री होती. तीही ओरडत होती असं ती नंतर म्हणाली. अडीच हजार फूट कधीच मागे पडले होते. राखीव आपोआप उघडणारं यंत्र त्याच्या पाठीवर होतं, पण ते सुसाट पडणाऱ्यासाठी असतं. हा तेवढ्या वेगाने पडत नव्हता.

मक्याच्या शेताच्या वर आल्यावर त्याचे हात दमले असावेत. छत्री एकदम कलंडली आणि जोरात फिरायला लागली. तेव्हा त्याने लाल ओढली. मग रुपेरीही ओढली. माझी राखीव बाहेर आली, सगळी बाहेर आली, फुगायलाही लागली होती. तिला अजून जरा आभाळ हवं होतं.

मी धावले. या वयात मी एवढी धावेन असं मला वाटलं नव्हतं. टेसा आमच्या आधी पोचली होती, ती सरळ त्याच्याजवळ मक्यातच उतरली होती. गुडघ्यांवर बसून ती त्याला हाका मारत होती. "बाबा, बाबा" म्हणत होती, सारखं तेच. ज्याने ते ऐकायचं तो आता नव्हता.

सरकारी तपासनीस आला. आम्ही दोघांनी मिळून सगळं सामान उघडलं. गाठ होती तिथेच होती. राखीव छत्रीत काही दोष नव्हता, माझ्या कामात काही दोष नव्हता. तपासनीस म्हणाला, तुम्ही निश्चिंत राहा. मी त्याला दार दाखवलं. निश्चिंत म्हणे.

तो गेल्यावर टेसा आली. टेबलावर व्हर्ननचे हातमोजे होते. उजव्या मोज्याचा तळवा ब्रेकची दोरी आवळून धरल्याने पार घासून गेला होता, आतलं अस्तर दिसत होतं. तिने तो उचलला आणि त्यात आपला हात घातला.

"किती वेळ धरून ठेवलं असेल त्याने?"

"बराच."

"फेकली असती वेळेवर तर?"

"तर आज दुसरी बाटली घेऊन आला असता."

"मी म्हटलं होतं त्याला, लोर्ना. फेकू नकोस म्हटलं होतं."

तिला काय हवं होतं ते मला दिसत होतं. मी म्हणावं, छे गं, त्याचा याच्याशी काय संबंध. ड्वेनने ते म्हटलं होतं, मैदानाच्या मालकाने म्हटलं होतं, पाद्र्यानेही म्हटलं होतं. मला ते म्हणता आलं नाही. तिला मी लहानपणापासून ओळखत नसले तरी खोटं सांगण्याइतकी परकीही ती मला नव्हती.

"हो," मी म्हटलं. "म्हटलं होतंस. सगळेच म्हणत होते, रोज. तू त्या दिवशी बाबा म्हणालीस एवढंच."

तिने मोजा काढून ठेवला. तो उलटा पडला होता, मी सरळ केला. मग ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ट्रेलरला कुलूप होतं.

आमच्यातला कुणी गेला की बाकीचे त्याची राख घेऊन वर जातात आणि आभाळात सोडतात. ड्वेनने तिला दोनदा फोन केला. ती नाही म्हणाली. व्हर्ननला त्यांनी गावातल्या दफनभूमीत पुरलं, जमिनीत, चांगला खोल. ड्वेन त्या दिवसापासून गप्प झाला. खुंटीवरची पट्टी त्यानेच नखांनी खरवडून काढली, तरी तिचा डिंक अजून तिथे आहे. हिवाळ्यात नवे कुणी येत नाहीत. मी हीटर लावून राखीव छत्र्या उघडत, वाळवत, पुन्हा बंद करत बसले. टेसाचीही केली. तिने सांगितलं नव्हतं, तरी केली.

मेमध्ये ती आली. केस कापलेले, वाळलेली. कुणाशी फार बोलली नाही. तिच्या बऱ्याच महिन्यांत उड्या झाल्या नव्हत्या म्हणून ड्वेन तिच्याबरोबर गेला. मी तिची पिन तपासली, दोनदा तपासली. ट्रॉलीवर कुणी एक शब्द काढला नाही. पूर्वी ती ट्रॉली बाजारासारखी कलकलायची.

आम्ही खालून बघत होतो. तिची छत्री उघडली. दोऱ्यांना दोन पीळ पडले होते, बस. पाय झाडले की निघतात असले पीळ तिने शंभरदा काढले असतील. छत्री तिच्या डोक्यावर शांत, चौकोनी उभी होती. आणि मग टेसा तिच्याखालून सुटली. माझ्या तोंडून शिवी गेली. राखीव उघडली, पांढरी, आणि ती हँगरसमोर अगदी हलकेच उतरली.

कुणीही हसलं नाही. ड्वेन उतरला आणि कुणाशी न बोलता फेकलेली छत्री शोधायला शेतात गेला.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. मेपलचा पाक. काळपट, जरा करपलेला.

"मार्चमध्ये मीच आटवला," ती म्हणाली. "त्याच्या झाडांचा. मला जमलं नाही नीट."

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" मी ओरडले. "दोन पिळांसाठी? आणि माझी राखीव नसती उघडली तर?"

"तुझी उघडते."

"ते तुला काय माहीत? मला माहीत नसतं!"

मी बसले. तिने विचारलं, "काय बिघडलं होतं छत्रीचं?"

तिच्या बापाने ह्याच जागी उभं राहून हेच विचारलं होतं. "काही नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे." ती छातीच्या उजव्या बाजूला, जिथे ती मूठ असते तिथे हात ठेवून उभी होती. "मला फक्त बघायचं होतं, ती लाल मूठ ओढायला किती जोर लागतो."

मी वाट पाहिली.

"काहीच नाही गं, लोर्ना," टेसा म्हणाली. "काहीच जोर लागत नाही. दोन बोटांनी निघते."

मग ती रडायला लागली, सप्टेंबरपासून साठलेलं सगळं. मी उठून दार लावून घेतलं. ती थांबेपर्यंत शेजारी उभी राहिले आणि मग तिची बाटली फळीवर व्हर्ननच्या बाटलीशेजारी ठेवली.